कोणाच्या मागे जायचं?

(परभणी जिल्ह्यातील बचतगटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'समाजमाध्यमं आणि स्त्रिया' असा छापला आहे. विषय फार मोठा आहे, म्हणून त्यातला एकच तुकडा मी घेणार आहे. फोनवर आपण कोणाला 'फॉलो' करतो आणि ते ठरवतं कोण?

फॉलो करणं म्हणजे मागे जाणं. मागे चालणं आपल्याला नवीन नाही. सप्तपदीपासून नवरा पुढे आणि आपण मागे, हीच शिकवण आहे. इथे नवीन आहे ते एवढंच, की कोणाच्या मागे जायचं आणि कधी थांबायचं हे निवडता येतं. पण निवडायला आधी फोन हातात हवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 100 बायकांपैकी सुमारे 54 जणींकडे स्वतः वापरायचा फोन होता. इंटरनेट एकदा तरी वापरलेल्या बायका 100 मध्ये 33, आणि पुरुष 57. त्यानंतर आकडे वाढले असतील. पण गटाच्या बैठकीत मी विचारते, "कोणाचे व्हिडिओ बघता?" तर उत्तर येतं, "मालक लावतेत तेच आम्ही बघतोत." फोनचं यंत्रही असं आहे की जे बघितलं जातं त्याच जातीचं तो पुढे आणत राहतो. म्हणजे नवरा कामावर गेल्यावर तिने फोन उघडला तरी समोर येते ती त्याचीच आवड. घरात टीव्हीचा रिमोट कोणाकडे, हा जुना प्रश्न आता खिशात जाऊन बसला आहे.

आता आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख सगळ्यांना माहीत आहेत. ते हवामान खात्यातले नाहीत, शेतकऱ्यांतलेच आहेत. पाऊस कधी येणार, कुठे येणार हे ते सांगतात, आणि त्यांचे निरोप व्हॉट्सअॅपवरून, यूट्यूबवरून महाराष्ट्रभर फिरतात. हवामानाच्या अभ्यासकांनी त्यांच्यावर टीका केली आहे. जिल्ह्याचं नाव आणि तारीख घेऊन फार दिवस आधी पाऊस सांगता येत नाही, असं शास्त्र म्हणतं. हवेतला छोटासा फरक काही दिवसांत मोठा होतो, त्यामुळे जितकं लांबचं सांगावं तितका भरवसा कमी. हे मला पटतं. तरीही लोक डखांच्या मागे का गेले हे समजून घेतलं पाहिजे, नुसतं अडाणीपणा म्हणून हसून चालणार नाही. ते शेतकऱ्याच्या भाषेत बोलतात. 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाचा' हे वाक्य ऐकून सरकी लावायची की नाही हे कळत नाही. आपल्याच परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, आज वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखलं जातं. तिथून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हवामानाचं आणि पिकाच्या सल्ल्याचं पत्रक निघतं. ते पत्रक आपल्यापैकी किती जणींनी पाहिलं आहे? हात वर करा. पाहिलंत, मोजायला एक हात पुरला.

हा बायकांचा प्रश्न कसा, असं कोणी विचारेल. पाऊस सांगणारा पुरुष, ऐकणारा पुरुष, पेरणीचा दिवस ठरवणाराही पुरुष. पण वाकून सरकी टोबणाऱ्या आपण. बी उगवलं नाही तर दुबार पेरणीची पिशवी येते ती गटाच्या कर्जातून किंवा डोरलं गहाण ठेवून. आणि पुन्हा वाकायचं ते आपणच. पेरणी करण्याआधी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हावा असं विद्यापीठ सांगतं. तो झाला की नाही हे कोणाच्या व्हिडिओत नाही, आपल्या शिवारात दिसतं. ढेकूळ हातात घेऊन ओल किती खोल गेली हे ओळखणाऱ्या बायका या सभेत बसल्या आहेत. त्यांना कोणी फॉलो करत नाही.

माझं म्हणणं असं नाही की अमक्याचं बंद करा आणि तमक्याचं सुरू करा. तसं केलं तर मीही एक नवीन मालकच झाले. या खरिपात एक करून बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डखांनी काय सांगितलं ते लिहा, विद्यापीठाच्या पत्रकात काय आलं ते लिहा, आणि पाऊस प्रत्यक्षात पडला त्या तारखेला खूण करा. पोळ्यापर्यंत तुमच्याकडे तुमचा पुरावा असेल. सांगणाऱ्याचं चुकलं तर तो ते कबूल करतो का, की जुना व्हिडिओ गुपचूप काढून टाकतो, हेही त्याच वहीत येऊ द्या. तो काही विकतो का, बियाणं, औषध, पक्ष, तेही लिहा.

पक्षावरून आठवलं. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत डख वंचित बहुजन आघाडीतर्फे परभणीतून उभे राहिले. निवडून आले संजय जाधव. मला यात मतदारांचं शहाणपण दिसतं, डखांचा अपमान दिसत नाही. पावसासाठी एखाद्याचं ऐकायचं, पण म्हणून त्याला मत द्यायलाच हवं असं नाही. मागे जायचं ते विषयापुरतं. हे आपण निवडणुकीत करतो, मग रोजच्या फोनमध्ये का करत नाही?

कारण आवडीच्या माणसाला आपण सगळ्याच विषयांत मोठं करून टाकतो. निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे इंदुरीकर महाराज, यांची कीर्तनं घराघरांत चालतात. बोलण्यात लय आहे, विनोद आहे, व्यसनावर, हुंड्यावर फटके आहेत. बायकांच्या कपड्यांवर, वागण्यावरही आहेत, आणि त्यालाही आपण पदर तोंडाला लावून हसतो. 2020 साली त्यांचं एक विधान गाजलं. सम तारखेला संबंध आला तर मुलगा आणि विषम तारखेला आला तर मुलगी, असं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी तक्रार केली, महाराजांनी दिलगिरी व्यक्त केली, गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली संगमनेरच्या न्यायालयात प्रकरण गेलं. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हा खटला चालवण्याचा मार्ग मोकळा केला. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावरून ठरतं, तारखेवरून नाही, हे शाळेच्या पुस्तकात आहे. पण ज्या घरात दोन मुली झाल्यात त्या घरातली सून ते पुस्तक दाखवू शकत नाही. तिच्यासमोर सासू व्हिडिओ धरते. व्हिडिओतल्या माणसाला लाखो लोक ऐकतात, सुनेला एकही नाही. इथे मोजणी बाईच्या विरुद्ध जाते. म्हणून आकडा बघून कोणाच्या मागे जाऊ नका. आकडा म्हणजे गर्दी, आणि गर्दीला गर्भार बाईची काळजी नसते.

आपल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली, स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिली. पण अभंगात दळणकांडण आणलं ते स्वतःचं, आणि नाव घातलं जनीचं. मागे जाणाऱ्या बाईने मुकं व्हावं असं आपल्या मातीत तरी कोणी सांगितलेलं नाही.

आता एक अवघड गोष्ट. मागच्या वर्षी आमच्या समुपदेशन केंद्रात बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी आली. सासरच्यांनी तिच्या इन्स्टाग्रामवरची यादी काढून एकेक नाव विचारलं होतं. हा पुरुष कोण? हा का? त्यात एक क्रिकेट खेळाडू होता, एक तलाठी भरतीची तयारी करून घेणारा शिक्षक. तिला परीक्षा द्यायची होती, हे त्या यादीवरून घरात पहिल्यांदा कळलं. फोन काढून घेतला. परत मिळायला चार महिने लागले, तेही तिच्या भावाला मध्ये घालून. अशा घरात 'कोणाला फॉलो करू' हा प्रश्न माहितीचा राहत नाही.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी. इन्स्टाग्रामवर आपण कोणाच्या मागे गेलो हे त्याला कळतं, आणि खातं खुलं असेल तर इतरांनाही दिसतं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये आपला नंबर सगळ्यांना दिसतो. पावसाच्या ग्रुपमध्ये गेलेल्या बाईला रात्री अनोळखी माणसाचे 'हाय' येतात ते यामुळेच. 2023 पासून व्हॉट्सअॅपवर 'चॅनल' नावाची सोय आहे, त्यात इतर सदस्यांना आपला नंबर दिसत नाही. यूट्यूबची यादी आपण उघड केली नाही तर बाहेरच्यांना दिसत नाही, मात्र ज्याच्या हातात आपला उघडा फोन असेल त्याला सगळंच दिसतं. लपवायला शिकवणं म्हणजे हक्क मिळवणं नव्हे, असं एका कार्यकर्तीने मला सुनावलं होतं. तिचं बरोबर आहे. पण ज्या घरात मार बसतो तिथे आधी मार चुकवायचा, हक्काचं भांडण त्यानंतर पाठीला पाठ लावून सगळ्यांनी मिळून करायचं.

चहानंतर आपण पाच-पाच जणी बसणार आहोत. फोन आणलेल्यांनी आपली यादी उघडायची. ज्यांचा फोन घरी, म्हणजे मालकाकडे आहे, त्यांनी आठवून कागदावर लिहायची. एकेका नावापुढे हे मी निवडलं की कोणी लावून दिलं, एवढंच लिहायचं. कोणतं ठेवायचं, कोणतं काढायचं ते जिचं तिने ठरवायचं, शेजारणीने सुचवायचं नाही. त्या यादीत आमच्या संस्थेचा ग्रुप असेल तर त्यालाही हाच नियम.