पंडिता रमाबाईंचें आज्ञापालन

आज्ञाधारकपणा हा गुण लहान मुलांना आणि शिपायांना शोभतो, प्रौढ व विचारी मनुष्याला नव्हे, अशी सुशिक्षितांची एक समजूत असते. ख्रिस्ती धर्मानें मात्र हाच गुण अगदीं मध्यावर आणून बसविला आहे. गेथशेमाने बागेंत, पकडले जाण्यापूर्वीं, येशूनें दुःखाचा प्याला टळावा अशी आधीं प्रार्थना केली आणि मग आपली इच्छा बाजूला सारून पित्याची इच्छा पत्करली. या प्रसंगांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, स्वतःची इच्छा त्यानें लपविली नाहीं. ती बोलून दाखविली, आणि मग सोडली. ज्याला स्वतःची इच्छाच नाहीं त्याच्या आज्ञापालनाला किंमत ती कसली? मेंढरेंहि हांकलीं तशीं चालतात.

महाराष्ट्रांत याचें उदाहरण पाहावयाचें तर तें अशा एका स्त्रीचें पाहावें लागतें कीं, जिला आज्ञाधारक म्हणण्याचें धाडस तिच्या हयातींत फारसें कोणी केलें नसतें. पंडिता रमाबाई यांचा जन्म 1858 सालचा. स्त्रियांना संस्कृत शिकवूं नये या रूढीला झुगारून वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीला आणि पुढें मुलीला ती विद्या दिली. त्या मुलीनें जातीबाहेर विवाह केला, दोन वर्षांच्या आंत वैधव्य सोसलें, आणि 1883 च्या सप्टेंबरांत इंग्लंडमधील वाँटेज येथें लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यांत केवढी खळबळ झाली हें सांगावयास नकोच.

पण खरी मौजेची गोष्ट वाँटेज येथेंच घडली. तेथील मठांतील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. धर्ममंडळाचे अधिकारी सांगतील तें नम्रपणें मान्य करणें हें नवख्रिस्ती स्त्रीचें कर्तव्य, असें त्यांना मनापासून वाटे. रमाबाईंना तें मुळींच वाटेना. चेल्टनहॅम येथें त्यांनीं कांहीं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावें अशी योजना निघाली, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. स्वदेशीं परतल्यावर याचा परिणाम वाईट होईल, असें त्यांचें म्हणणें. स्त्रीपुरुषांच्या भरसभांत व्याख्यानें दिलेल्या रमाबाईंना हा उपदेश कसा रुचावा? क्रुसावरील अक्षरें लॅटिनच कां, संस्कृत कां नकोत, हाहि त्यांचा सवाल होता. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीं तर त्यांनीं उघड शंका काढल्या. एका पुरोहितवर्गाचें जूं महत्प्रयासानें मानेवरून उतरविल्यावर दुसऱ्याचें चढवून घेण्याची आपली तयारी नाहीं, अशा आशयाचें त्यांनीं सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट कळविलें. आज्ञा पाळावयाची ती देवाची. देवाच्या नांवानें बोलणाऱ्या माणसांची नव्हे.

येथें ऐकणाराच्या मनांत एक शंका सहजच उभी राहील. बिशपाचें ऐकावयाचें नाहीं, धर्ममातेचें ऐकावयाचें नाहीं, आणि देवाचें मात्र ऐकावयाचें. मग देव बोलतो तो आपल्याच हट्टाच्या आवाजांत बोलत नाहीं हें कशावरून? ही शंका रास्त आहे. सिस्टर जेराल्डिन यांनाहि नेमकी हीच भीति वाटत होती, आणि ती केवळ अधिकाराच्या हव्यासापोटीं नव्हती. रमाबाईंनींच पुढें लिहून ठेवलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर पुष्कळ वर्षेंपर्यंत आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. या शंकेचें उत्तर त्यांच्या वादविवादांत शोधणें व्यर्थ होय. तें त्यांच्या संस्थेच्या जमाखर्चांत अधिक चांगलें सांपडतें.

शारदासदन 1889 सालीं मुंबईस निघालें आणि पुढल्या वर्षीं पुण्यास आलें. उच्चवर्णीय विधवांसाठीं एक बेताची, नीटनेटकी शाळा, ही रमाबाईंची स्वतःची योजना. अमेरिकेंतील रमाबाई असोसिएशननें दहा वर्षें खर्च चालविण्याचें वचन दिलें होतें. 1893 सालीं धर्मप्रसाराच्या आरोपावरून रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं अंग काढून घेतलें आणि कित्येक मुली घरीं नेण्यांत आल्या. सल्लागारांची तक्रार अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. पण त्या धक्क्यांतूनहि शाळा सांवरली.

इतक्यांत 1896 चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतून भयंकर बातम्या येऊं लागल्या. अमेरिकन मदतीची मुदत संपत आलेली, आणि हातांतला पैसा पन्नासेक मुलींना जेमतेम पुरणारा. शहाणपणाचा मार्ग उघड होता: आहे तें सांभाळावें. रमाबाईंना या शहाणपणाची ओळख नव्हती असें नाहीं. पण भुकेचीहि त्यांना ओळख होती. सोळासतरा वर्षांच्या वयांत, रानोमाळ हिंडतांना, आईबाप आणि बहीण त्यांनीं उपासमारीच्या दिवसांतच गमावलीं होतीं. जावें अशी देवाची आज्ञा आहे असें मनानें घेतलें, तेव्हां आपली गांठ आधीं पाहूं, असें म्हणण्याची त्यांना सोय उरली नाहीं. त्या गेल्या. दुष्काळी छावण्यांभोंवतीं निराधार मुलींना फूस लावून नेणाऱ्यांचा सुळसुळाट त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला, आणि शेंकडों मुली गोळा करून आणल्या. यांत जातीचा विचार राहिला नाहीं. म्हणजे स्वतःची मूळ योजनाच मोडली. प्लेगच्या धास्तीनें इतक्या मुली पुण्यांत ठेवण्यास मनाई झाली, म्हणून केडगांवच्या माळावर, फळबागेसाठीं घेतलेल्या जमिनींत, तंबू आणि झोंपड्या उठल्या. तेंच मुक्तिसदन. 1900 च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

हट्ट माणसाला आपल्या मनाजोगतें घडवून देतो. येथें घडलें तें रमाबाईंच्या मनाजोगतें नव्हतें. विदुषीची शाळा गेली आणि तिच्या जागीं खरजेनें भरलेल्या, अन्नावर झडप घालणाऱ्या, अक्षरशत्रु पोरींचें एक गांवच उभें राहिलें. संस्कृतांत भर सभेंत पंडितांना थक्क करणारी बाई त्या पोरींना कळेल असें बायबल मराठींत आणावें म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकूं लागली. भाषांतराला अठरा वर्षांच्या आसपास काळ लागला. आपलें संस्कृत पांडित्य पदोपदीं गाळून त्यांनीं तें साध्या बोलींत उतरविलें. खिळे जुळविण्यापासून छपाईचीं कामें सदनांतील स्त्रियांनींच केलीं.

आपल्यामागें हा पसारा मनोरमेनें चालवावा, ही एक इच्छा मात्र त्यांनीं जपली होती. मनोरमा शिकलेली, कर्तबगार, आईचा उजवा हात. 1921 च्या जुलैंत ती चाळिशींतच वारली. रमाबाई तेव्हां त्रेसष्ट वर्षांच्या; कानांनीं कमी ऐकूं येत होतें आणि बायबलाचें काम अजून पुरें व्हावयाचें होतें. त्या पुन्हां मुद्रितें तपासावयास बसल्या. 5 एप्रिल 1922 रोजीं केडगांव येथें त्यांचा अंत झाला, त्यापूर्वीं तें काम हातावेगळें झालें होतें.