आमच्या पश्चात कोण?

(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून आपण नेहमी परीक्षांचे निकाल, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांविषयी बोलतो. आज मला अशा मुलांविषयी बोलावयाचे आहे, ज्यांची नावे कोणत्याही गुणवत्ता यादीत येत नाहीत. पूर्वी आपण त्यांना मतिमंद म्हणत असू. आता बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग म्हणतो. शब्द बदलला, परंतु त्यांच्या आईवडिलांच्या मनातील प्रश्न बदललेला नाही. तो प्रश्न असा की, "आम्ही आहोत तोवर ठीक आहे. आमच्या पश्चात याला कोण?"

पूर्वी एकत्र कुटुंबात हा प्रश्न आपोआप सुटत असे. आज एक भाऊ आखातात, दुसरा मुंबईत आणि बहीण सासरी. अब्बा सत्तरीला आलेले, अम्मीचे गुडघे दुखतात आणि ज्याला अजून कोणीतरी आंघोळ घालावी लागते तो मुलगा चाळीस वर्षांचा झालेला. वैद्यकीय सोयी वाढल्यामुळे अशी मुले आता आईवडिलांच्या मागे अनेक वर्षे जगतात. तेव्हा आज ना उद्या काही कुटुंबांना निवासगृहाचा विचार करावाच लागेल. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र ते निवासगृह कसे आहे, हे पारखण्याची नजर पालकांजवळ हवी. ती नजर कशी असावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम न्यूयॉर्कचे उदाहरण घेऊ. तेथील स्टेटन आयलंडवर विलोब्रूक नावाची प्रचंड सरकारी संस्था होती. चार हजार जणांसाठी बांधलेल्या इमारतींत १९६० च्या दशकात सहा हजारांहून अधिक मुले व प्रौढ कोंबलेले होते. एकेका सेविकेवर कित्येक मुलांचा भार. मुले उघडीनागडी, घाणीत बसलेली. तेथील काही कर्मचाऱ्यांनी पालकांना संघटित होण्यास सांगितले, तेव्हा त्यांनाच कामावरून काढण्यात आले. त्यांपैकी एका डॉक्टरने १९७२ साली दूरदर्शनच्या वार्ताहराला आत नेले आणि सारे जग हादरले. त्याच वर्षी पालक न्यायालयात गेले. १९७५ मध्ये सरकारला सुधारणा मान्य कराव्या लागल्या, लोकांना लहान घरांतून वस्तीत राहावयास नेण्यात आले आणि १९८७ मध्ये ती संस्था कायमची बंद झाली. पालक एकत्र आले नसते, तर हे घडले असते का?

आपण म्हणाल, गर्दी आणि पैशांची टंचाई हेच त्याचे कारण. तर मग इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयाची हकीकत ऐका. तेथे जागा फक्त २४ आणि एका व्यक्तीचा सरासरी खर्च आठवड्याला साडेतीन हजार पौंड! तेथील एका परिचारकाने छळाविषयी तक्रारी केल्या, पण कोणी दखल घेतली नाही. अखेर मे २०११ मध्ये बीबीसीने गुप्तपणे केलेले चित्रीकरण दाखविले. कर्मचारी रुग्णांना मारीत होते, जमिनीवर दाबून धरीत होते, थट्टा करीत होते. २०१२ मध्ये अकरा जणांना न्यायालयात दोषी ठरविण्यात आले. चौकशीत असेही दिसून आले की, नातेवाइकांना आपल्या माणसाच्या खोलीपर्यंत जाऊ दिले जात नसे. बंधूंनो, हा मुद्दा नीट लक्षात ठेवा.

आपल्या महाराष्ट्रातही डोळे उघडणारे प्रसंग घडले आहेत. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय निवासगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीच्या वेळी त्यांची स्वच्छता राखणे अवघड जाते, असे कारण देण्यात आले होते. महिला संघटनांनी आवाज उठविल्यावर त्या शस्त्रक्रिया थांबल्या. ज्या कामासाठी धीराने शिकविणारी एक बाई हवी होती, तेथे शस्त्र वापरले गेले!

या तिन्ही उदाहरणांचे सार एकच आहे. मोठी इमारत किंवा मोठी फी ही चांगल्या सांभाळाची खूण नव्हे. माणसाचा रोजचा दिवस कसा जातो, हीच खरी खूण होय. म्हणून पालकांनो, निवासगृह पाहावयास जाल तेव्हा कार्यालयातील सत्काराचे फोटो पाहून परत फिरू नका. पुढील गोष्टी विचारा.

येथे न सांगता कोणत्याही दिवशी येता येईल का? मुलाच्या खोलीत आणि न्हाणीघरापर्यंत जाता येईल का? त्याचे कपडे त्याचेच असतात, की धुऊन आलेल्या ढिगातून हाताला लागेल तो सदरा चढविला जातो? ईदला त्याच्या मापाचे कपडे होतात का? जेवण वेळेवर मिळते, हे ठीक. पण आज चहा घ्यायचा की दूध, हे त्याला कोणी विचारते का? दिवसभर त्याला काही काम, खेळ, बाहेर फिरणे आहे का? रात्री किती माणसे जागी असतात? तो गप्प बसावा म्हणून औषधे दिली जात असतील, तर ती कोणत्या डॉक्टरांनी आणि कशासाठी लिहून दिली? मुलींच्या सेवेसाठी स्त्रिया आहेत का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कर्मचारी वारंवार सोडून जातात का? ज्याला बोलता येत नाही, त्याच्या खुणा जुनी, ओळखीची सेविकाच समजू शकते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा संस्थांना नोंदणी आवश्यक केली आहे. ते प्रमाणपत्र मागून पाहा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी, मूल अठरा वर्षांचे झाल्यावरही, कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. मालमत्ता त्या पालकाच्या हाती असेल, तर त्याला तिची यादी सहा महिन्यांत द्यावी लागते व दरवर्षी हिशेबही द्यावा लागतो. "भाऊ बघेलच" एवढ्या भरवशावर न राहता, हातपाय चालत आहेत तोवर हे कागद करून ठेवा. बदलापूरच्या 'आधार' संस्थेप्रमाणे पालकांनी एकत्र येऊन स्वतःच निवासगृह उभारल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. मुलीचे स्थळ पाहताना घरातील अशा भावाचे नाव लपविले जाते. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसविले जाते. ज्याला घरानेच लपविले, त्याची विचारपूस निवासगृहात कोण करणार? ज्याला भेटावयास कोणी येत नाही, त्याच्यावर हात उगारणाऱ्याला भीती कशाची? मुलाला निवासगृहात ठेवणे म्हणजे त्याला टाकणे नव्हे. ठेवल्यावर तिकडे न फिरकणे म्हणजे टाकणे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर व्हाल, कोणी वकील, कोणी शिक्षिका. विशेष शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या माणसांची या क्षेत्राला फार गरज आहे. त्याचाही करिअर म्हणून विचार करा. आणि तोवर, तुमच्या मोहल्ल्यात असा एखादा भाऊ किंवा बहीण असेल, तर येत्या रविवारी त्यांच्या घरी जा, त्याचे नाव घेऊन हाक मारा, त्याच्याजवळ घटकाभर बसा. उद्या तो निवासगृहात राहावयास गेला, तर त्याच्या दारावर थाप मारणारे माणूस तुम्हीच असाल.