बुकशेल्फ सजवायचंय? आधी थोडं रिकामं करा

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रील्समध्ये पाहिला असेल: घरातलं बुकशेल्फ सजवणं. रंगांनुसार लावलेली पुस्तकं, मध्ये मेणबत्ती, वरून लोंबणारा मनीप्लांट. दिसतं छानच. पण मी बोलतेय रेवसहून. समोर धरमतरची खाडी, पलीकडे करंजा. पावसाळ्यात इथं डब्यातलं मीठसुद्धा ओलं होतं. त्यामुळे पुस्तक कसं दिसेल याच्या आधी ते कसं टिकेल, हा आमचा प्रश्न. आणि गंमत बघा, दोन्हीचं उत्तर एकच निघतं: मोकळी जागा.

आमच्या घरी आबांचं एक फडताळ आहे. साधारण दीडशे पुस्तकं. आबा गेल्यावर घरात दोन मतं पडली. काही म्हणाले, रद्दीत द्या. काही म्हणाले, आठवण आहे, राहू द्या. पण 'राहू द्या' म्हणणारंही कुणी ते दार उघडत नव्हतं. आता, बंद फडताळातल्या पुस्तकांचीही रद्दीच होते, फक्त सावकाश. म्हणून मी आणि आई एका रविवारी बसलो. ठरवलं, नवीन काही विकत आणायचं नाही, घरात आहे त्यातच करायचं.

पहिलं काम, सगळं बाहेर काढणं. पुस्तकं पंख्याखाली, सावलीत उघडून ठेवायची. कडक उन्हात नको, कागद पिवळा पडतो आणि बांधणी सुटते. पानांत चंदेरी, चपळ किडा दिसला तर ती कसर. तिला बांधणीतली खळ आवडते. तशी पुस्तकं बाजूला काढा, कोरड्या ब्रशनं साफ करा आणि काही दिवस वेगळीच ठेवा. ज्यांना बुरशी आहे ती घराबाहेर, तोंडाला रुमाल बांधून पुसा.

परत लावताना तीन गोष्टी. भिंत आणि पुस्तकं यांच्यात दोन बोटं अंतर, कारण ओल भिंतीतून येते. पुस्तकं उभी, पण कोंबलेली नाहीत. एक पुस्तक ओढलं की शेजारचं सोबत येऊ नये. आणि प्रत्येक कप्प्यात थोडी जागा रिकामी. तिथून हवा खेळते, आणि नजरेलाही थांबायला जागा मिळते. रील्समधली शेल्फ छान दिसतात त्याचं अर्धं कारण हेच असतं बरं का!

पण जागा सोडली की पुस्तकं कलंडतात. मग टेकू हवा. इथं स्वयंपाकघर कामाला येतं. आमच्याकडे चिनी मातीच्या लोणच्याच्या दोन बरण्या रिकाम्या पडल्या होत्या. घासून, तेलाचा वास जाईपर्यंत वाळवल्या, आत धुऊन सुकवलेले गोटे भरले. जड, देखण्या, आणि गंजण्याचा प्रश्नच नाही. लोखंडी खलबत्ता ठेवणार असाल तर खाली जाड कापड घाला. खाऱ्या हवेत त्याला गंज चढतो आणि डाग पुस्तकाला लागतो. पितळी तांब्याही चालेल, पण कोरडा आणि पुस्तकापासून जरा लांब.

किनाऱ्यावरच्या लोकांचा आवडता प्रकार म्हणजे शिंपले. ठेवा, पण आधी गोड्या पाण्यात भिजवून, धुऊन, खडखडीत वाळवा. त्यांच्यावर राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं. पाण्याच्या बाटलीतला मनीप्लांट मात्र खिडकीत. मेणबत्ती आणि उदबत्ती तर कागदाजवळ नकोच.

दिवाळी अंकांचं काय? 1909 साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत त्यांचे गठ्ठे साठत आलेत. अंक पातळ, पाठ मऊ, उभे राहत नाहीत. त्यांना आडवं ठेवा, सात-आठचा एक थर. त्या थरावर आबांचा चष्मा आणि अडकित्ता ठेवला आहे. जुन्या पोथ्या असतील तर त्या पूर्वीसारख्याच सुती कापडात बांधा. मऊ झालेली जुनी सुती साडी त्यासाठी उत्तम. पेशवे दफ्तरातले कागदही कापडी रुमालांत बांधूनच ठेवलेले आहेत. कोपऱ्यात वेखंडाची पुरचुंडी, आणि बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. फक्त त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि ओल पिऊन झाली की बदला.

आता लावायचं कशानुसार? रंगानुसार लावलं तर फोटो चांगला येतो, पण पुस्तक सापडत नाही. मला साताऱ्यातल्या भिलारची पद्धत पटते. 4 मे 2017 ला पाचगणीजवळचं हे गाव 'पुस्तकांचं गाव' झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. सुरुवातीला 25 ठिकाणं निवडली, त्यांत गावकऱ्यांची राहती घरंही होती. एका ठिकाणी एक साहित्यप्रकार, आणि येणाऱ्यानं तिथंच बसून वाचायचं. म्हणजे तिथली मांडणी वाचणाऱ्यासाठी आहे. आम्हीही तसंच केलं. नजरेच्या उंचीवर कथा-कादंबऱ्या, खाली मुलांच्या हाताला येतील अशी गोष्टींची पुस्तकं, वर जाडजूड ग्रंथ. सगळ्यात खालचा कप्पा रिकामा, कारण जमिनीची ओल आधी तिथंच पोचते. फडताळाची दारं दिवसा उघडी. आणि शेजारी एक पाट, टेकून बसायला.

शहरात छोट्या फ्लॅटमध्ये राहत असाल तरी हेच करा. एकच कप्पा घ्या. रिकामा करा, पुसा, दोन बोटं जागा सोडा, घरातली एकच आवडती वस्तू ठेवा. एका कप्प्यात एकच, दुकान मांडायचं नाही.

आमच्याकडे परवा शेजारच्या काकी पंचांग बघायला आल्या आणि जाताना एक कादंबरी घेऊन गेल्या. त्या जागी आता फट दिसते. आईनं विचारलं, तिथं काही ठेवू का? म्हटलं, नको, काकी परत आणून ठेवतील तोवर राहू दे तशीच.

तुमच्या शेल्फवर घरातली कुठली वस्तू आहे ते नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!