आधी नियम, मग नेम



मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि एका ताईनं हळूच विचारलं, “मॅडम, आमची पोरगी आठवीला आहे. नेमबाजी शिकायची म्हणते. पोरीच्या हातात बंदूक द्यायची का?” आज त्यावरच बोलते.

पैठणच्या नाथषष्ठीच्या यात्रेत फुगे फोडायची बंदूक आपण पाहिलीच आहे. एअर रायफल ही तिचीच थोरली बहीण. तिच्यात दारू नसते. दाबलेल्या हवेनं साडेचार मिलिमीटरचा छर्रा सुटतो. स्पर्धेत दहा मीटरवरून उभं राहून नेम धरायचा. मधला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक! इथं नुसती ताकद चालत नाही. श्वास, तोल आणि मन स्थिर लागतं.

यात आपल्या बायका मागे नाहीत. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली ५० मीटर रायफलमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक आणलं. त्याची आई तेव्हा गावची सरपंच होती आणि त्याला शिकवत होत्या दीपाली देशपांडे.

तरी त्या ताईची भीती खोटी नव्हती. मी लहान असताना माहेरी शेतात पाखरं हाकायला छर्ऱ्याची बंदूक होती. भावानं पत्र्याच्या डब्यावर नेम धरला. छर्रा डब्यावर आपटून उलटा आला आणि माझ्या भुवईला लागला. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता. “खेळणंच तर आहे,” असं घरात सगळे म्हणायचे. चूक तिथंच होती.

शिकवणीच्या ठिकाणी आधी नियम शिकवतात, नेम नंतर. हे नियम पाठ करा:

बंदूक रिकामी आहे असं कधीच धरायचं नाही.

नळी माणसाकडे किंवा जनावराकडे करायची नाही, थट्टेतसुद्धा नाही.

नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही.

प्रशिक्षकांनी सांगितल्याशिवाय कुणी पुढं जायचं नाही.

छर्रे शिशाचे असतात. हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

घरात अशी बंदूक असेल तर आजच रिकामी करा, कुलपात ठेवा. छर्रे वेगळ्या जागी आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. माळ्यावर टाकली म्हणजे लपली असं नाही. पोरांना माळा आपल्याआधी माहीत असतो.

आणि मुलीला शिकायचं असेल तर घाईनं कर्ज काढून रायफल घेऊ नका. स्पर्धेची चांगली रायफल लाखाच्या पुढं जाते. आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. शाळेत एनसीसी असेल तर तिथं विचारा. शिकवणीची जागा स्वतः जाऊन बघा. पहिल्याच दिवशी नियम न सांगता हातात बंदूक देत असतील, तर मुलीला घेऊन सरळ घरी या.

त्या ताईला मी एवढंच म्हणाले, “पोरीला पाठवा. पण पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत जा.”

पुढच्या बैठकीत हे नियम मोठ्यानं वाचा.