आपलं नाव यादीत आहे ना?

आज बचतीच्या हिशेबाआधी मतदार यादीचा हिशेब करू या.

१९५१-५२ साली देशाची पहिली निवडणूक झाली. तेव्हा सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गेली. का? त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच!

आज आपण नाव सांगतो, पण ते यादीत टिकलंय का हे बघत नाही. हातात मतदार कार्ड आहे, पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. सुनेचं नाव माहेरीच राहतं. ऊसतोडीला गेलेलं घर तपासणीच्या दिवशी बंद असतं.

म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय, मासिक बैठकीत यादी मोठ्यानं वाचायची. पोरगी अठराची झाली, तर नमुना ६ भरायचा. माहेरचं नाव सासरी आणायचं किंवा चूक सुधारायची, तर नमुना ८. नमुना ७ नाव काढण्यासाठी असतो. पण ‘गाव सोडून गेली’ म्हणून नाव काढण्याआधी त्या बाईचं म्हणणं ऐकावंच लागतं, असा कायदा आहे. अर्जाची पोच जपून ठेवा. अडलं तर १९५० ला फोन लावा.

१९७५ साली आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर बंधनं आली, विरोधक तुरुंगात गेले. १९७७ मध्ये साध्या माणसांनी रांगेत उभं राहून सत्ता बदलली. पण रांगेत उभं राहायला आधी यादीत नाव लागतं, बायांनो. या बैठकीलाच यादी मागवा.