ताकद नको, खोली बघा: रिव्हॉल्व्हर, हरीण आणि काडतुसाची निवड

आजचा विषय जरा वेगळा आहे. रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार करायची, तर काडतूस कुठलं घ्यायचं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहायला हवा. मी बोलतोय ते अमेरिकेतलं. मी ओहायो राज्यात राहतो. इथे व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत. राज्य सरकार मोसम ठरवतं, परवाने देतं, आणि मारलेल्या हरणाचं मांस घरी शिजतं. आमच्याही फ्रीजरमध्ये ते असतं.

नवीन माणूस मला पहिला प्रश्न विचारतो तो असा: "सगळ्यात पॉवरफुल काडतूस कुठलं?" हा प्रश्नच चुकीचा आहे. का, ते सांगतो.

.४४ मॅग्नम हे काडतूस १९५५ साली आलं आणि १९७१च्या 'डर्टी हॅरी' सिनेमाने ते जगभर गाजलं. त्याची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅमची. ती सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. हिशेब केलात तर ऊर्जा येते साधारण १,२०० ज्यूल. आता .३०-०६ ही अगदी रोजच्या वापरातली रायफल घ्या. गोळी १५० ग्रेनची, वेग सेकंदाला जवळजवळ ८९० मीटर, ऊर्जा ३,८०० ज्यूल. म्हणजे सिनेमातलं ते महाबलाढ्य रिव्हॉल्व्हर साध्या रायफलच्या एक तृतीयांशावर येतं.

बरं, फरक नुसता कमी-जास्तीचा नाही. दोघांची मारण्याची रीतच वेगळी आहे. रायफलची गोळी इतक्या वेगात असते की तिच्या वाटेच्या आजूबाजूचं मांसही ताणून फाटतं. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचं तसं नाही. ती ज्याला स्पर्श करते तेवढंच मोडते. म्हणून तिच्याकडून एकच काम करून घ्यायचं: बरगडीतून आत शिरायचं, दोन्ही फुप्फुसं किंवा हृदय छेदायचं आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडायचं. दोन्ही बाजूंना भोकं पडली की रक्त जमिनीवर पडतं आणि माग काढता येतो. गोळी आतच थांबली, तर हरीण झाडीत शिरतं, संध्याकाळ होते, आणि ते कुठेतरी रात्रभर तडफडत मरतं. या विषयात पणाला लागलेलं आहे ते हे.

आता दुकानात काय मिळतं ते बघू. पहिला प्रकार होलो पॉइंट. टोकाला खळगा असतो, अंगात शिरताच गोळी फुलते. यातली हलकी काडतुसं, उदाहरणार्थ .३५७ मॅग्नममधली १२५ ग्रेनची, स्वसंरक्षणासाठी बनवलेली असतात. ती लवकर फुलावीत आणि लवकर थांबावीत हाच त्यामागचा हेतू असतो. माणूस समोर असताना ते योग्य, पण हरणाच्या खांद्याचं हाड मध्ये आलं तर तीच गोळी उथळ जखम करून थांबू शकते.

दुसरा प्रकार सॉफ्ट पॉइंट. टोकाला शिसं उघडं, बाकी तांब्याचं आवरण. ही सावकाश फुलते आणि खोल जाते. .३५७ असेल तर १५८ ते १८० ग्रेनची अशी गोळी घ्या आणि अंतर कमी ठेवा. .४४ मध्ये २४० ग्रेनची, शिकारीसाठी बनवलेली गोळी बहुतेकांना पुरते.

तिसरा प्रकार हार्ड कास्ट, म्हणजे कडक शिशाची, रुंद चपट्या टोकाची गोळी. ही फुलत नाही, पण चपटं टोक मांस कापत आरपार जातं. हरीण तिरकं उभं असलं तरी खोली मिळते. मात्र पलीकडे काय आहे ते दहा वेळा बघा. ही गोळी हरणात थांबत नाही.

कुठल्याही प्रकारात पूर्ण धातूच्या आवरणाची, गोल टोकाची सरावाची गोळी हरणावर वापरू नका. ती बारीक भोक पाडून निघून जाते. अनेक राज्यांत कायद्यानेच तिला बंदी आहे. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाची गोळीच चालत नाही. जंगलात टाकलेल्या आतड्यांतलं शिसं कॉन्डॉर गिधाडांच्या पोटात जात होतं. डायक्लोफेनॅकमुळे आपली गिधाडं कशी गेली हे आठवत असेल, तर हे वेगळं समजवायला नको. तिथे पूर्ण तांब्याच्या गोळ्या वापरतात.

खोक्यावर छापलेला वेग लांब नळीतून मोजलेला असू शकतो. तुमची नळी आखूड असेल तर वेग कमी भरणार, आणि वेग कमी पडला की होलो पॉइंट नीट फुलत नाही. ओहायोत हरणासाठी नळी किमान ५ इंच हवी असा नियम आहे, त्याला अर्थ आहे. शिवाय गोळीचं वजन बदललं की नेमही बदलतो. रिव्हॉल्व्हरमध्ये जड गोळी बहुधा वर लागते. म्हणून सराव आणि शिकार एकाच काडतुसावर करा, निदान शेवटचे काही आठवडे तरी.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण २० सेंटिमीटरचा, जेवणाच्या कागदी ताटलीएवढा. ती ताटली लावा. टेबलावर हात टेकवून नाही, रानात जसे बसाल तसे बसा आणि ५ गोळ्या मारा. पाचही ताटलीत बसल्या ते अंतर तुमचं. एक जरी बाहेर गेली तर पुढे या. माझं अंतर ४५ मीटर आहे. मागच्या मोसमात ७० मीटरवर एक मोठा नर चांगला पाच मिनिटं आडवा उभा होता. मी चाप ओढला नाही. तो चरत चरत निघून गेला.

ताटलीवर एक गोष्ट हमखास कळते. जबरदस्त धक्का देणाऱ्या काडतुसाने माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो आणि नेम खाली जातो. तसं होत असेल तर एक पायरी खालचं काडतूस घ्या. फुप्फुसातून गेलेली .३५७ ही पोटात लागलेल्या .४४ पेक्षा केव्हाही दयाळू असते.

तेव्हा दुकानदाराला "सगळ्यात जोरदार द्या" म्हणू नका. विचारा, "ही गोळी किती खोल जाते?" मग ताटली घ्या आणि स्वतःला विचारा, "मी किती अंतरावर चुकत नाही?" दोन्ही उत्तरं हातात आली की काडतूस आपोआप ठरतं.