बाथरूमचा पंखा आणि दीडची वायर

 

आज आपण बाथरूममधल्या एक्झॉस्ट पंख्याबद्दल बोलणार आहोत. त्यातही एकच गोष्ट बघायची: त्याला वायर कितीची लावायची. “अगं, हे वायरमनचं काम, आपण त्यात काय बोलायचं?” असं कुणीतरी म्हणेलच. पण घर आपलं असतं, कर्जाचा हप्ता आपण भरतो आणि ओल्या अंगाने त्या बाथरूममध्ये आपलीच लेकरं उभी असतात. म्हणून बोलायचं.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त येतो, कारण सरावली, पास्थळ, कुरगाव, सालवड या भागात कितीतरी जणी तारापूर एमआयडीसीत कामाला येणाऱ्यांना खोल्या भाड्याने देतात. गटातून कर्ज घेऊन खोलीला लागून बाथरूम बांधतात. जागा कमी, बाजूला शेजारच्याची भिंत, त्यामुळे खिडकी नाही. त्यात आपली हवा समुद्राकाठची, चार महिने पाऊस. भिंतीला काळी बुरशी येते, प्लास्टर फुगतं, पत्र्याचा दरवाजा गंजतो. मग भाडेकरू म्हणतो, “ताई, एक्झॉस्ट लावून द्या.” ते बरोबरच आहे. पंखा ओली हवा बाहेर फेकतो, भिंत टिकते.

पंखा येतो आणि वायरमन विचारतो, “वायर घरात पडलेली आहे का?” घोळ इथे सुरू होतो.

आधी वायरीचं माप समजून घेऊ. एकची, दीडची, अडीचची, चारची असं आपण म्हणतो. हे आतल्या तांब्याचं माप असतं, चौरस मिलिमीटरमध्ये. वरचं प्लॅस्टिक जाड असलं म्हणून वायर जाड होत नाही. तांबं जितकं जास्त, तितकी वीज न तापता जाते. पाण्याच्या पाइपासारखंच आहे. अर्ध्या इंची नळीतून मोटरीचं सगळं पाणी काढायला गेलो तर नळी फुगते. वायर फुगत नाही, ती तापते. वरचं प्लॅस्टिक मऊ होतं, मग वितळतं.

आता सोपा हिशोब. वस्तूवर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. चाळीस वॅटचा पंखा असेल तर ४० भागिले २३०, म्हणजे अँपिअरचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो. २००० वॅटचा गीझर पावणेनऊच्या आसपास आणि ३००० वॅटचा तेरा अँपिअर.

म्हणजे पंखा फारच थोडी वीज खातो. वायरमनही तेच सांगतो, “एवढ्याशा पंख्याला कसली जाड वायर? ही बारीक डबल वायर चालेल.” आणि पंखा खरोखरच चालतो. पहिल्या दिवशीही चालतो, वर्षभरही चालतो. त्यामुळेच आपण फसतो.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. वायर पंख्याकडे बघून निवडायची नसते, तिच्यावर कितीचा एमसीबी आहे ते बघून निवडायची असते.

एमसीबी म्हणजे बोर्डातली ती खटकी, जी लोड वाढला की पडते. तिच्यावर आकडा असतो: ६, १०, १६, २०. तेवढे अँपिअर ती सुखाने जाऊ देते. ती पंख्याला सांभाळत नाही, भिंतीतल्या वायरीला सांभाळते. आता समजा, पंख्याचं कनेक्शन गीझरच्या लाइनवरून घेतलं. गीझरला २० चा एमसीबी आहे. पंख्याला लावलेल्या अर्ध्या मिमीच्या वायरीची ताकद चार अँपिअरच्या आसपास संपते. उद्या त्याच पंख्याच्या वायरीवरून कुणी प्लग काढला आणि रॉड लावला, तर साडेसहा अँपिअर जाणार. वायर तापेल, पण २० चा एमसीबी पडणार नाही, कारण त्याच्या लेखी काहीच बिघडलेलं नाही. आग लागते ती अशी.

म्हणून जोडी पाठ करा. दीडच्या तांब्याच्या वायरीवर ६ किंवा १० चा एमसीबी. अडीचच्या वायरीवर १६ चा. चारच्या वायरीवर २० चा. पंखा आणि दिवा दीडच्या वायरीवर, ६ च्या एमसीबीवर. गीझरला स्वतंत्र लाइन, कमीत कमी अडीचची, चारची असेल तर उत्तम, आणि त्या लाइनवर दुसरं काही नाही. पंखा कधीही गीझरच्या लाइनवरून घ्यायचा नाही.

काही जुन्या घरांत अजून चिनी मातीचे फ्यूज आहेत. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालून ठेवतात. तसं केलं की खालची वायर कितीही चांगली असली तरी तिला राखण उरत नाही. तो फ्यूज काढून एमसीबी बसवून घ्या.

आता बाथरूमचं वेगळेपण. ओल्या अंगातून वीज सहज जाते. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा छोटासा भागही पुरतो. ६ चा एमसीबी अशा वेळी पडत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. वीज वाट चुकून अंगातून किंवा भिंतीतून जाऊ लागली की तो क्षणात लाइन तोडतो. त्यावर चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघा. खटकी पडली नाही तर वायरमनला बोलवा.

पंख्यापर्यंत तीन वायरी गेल्या पाहिजेत: फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. बारीक डबल वायरीत हिरवी नसतेच, तिला नाही म्हणायचं हे आणखी एक कारण. पंख्याची बॉडी लोखंडी असेल तर अर्थिंग जोडलंच पाहिजे. प्लॅस्टिकचा असेल तरी हिरवी वायर तिथवर आणून ठेवा, उद्या पंखा बदलाल. बटण बाथरूमच्या बाहेर, कोरड्या हाताने दाबता येईल असं. पंखा उंचावर, शॉवरपासून लांब. वायर पीव्हीसी पाइपातून किंवा पट्टीतून. मध्ये पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड नको. आपल्या खाऱ्या दमट हवेत तो जोड आतून हिरवा पडतो, सैल होतो, तापतो. बोर्डापासून पंख्यापर्यंत वायर सलग.

पंखा घरघरला आणि फिरला नाही तर लगेच बटण बंद करा. अडकलेला पंखा आतून तापत राहतो, त्यासाठी एमसीबी पडत नाही. जाळी पुसायची तर आधी मेन बंद.

वायर घ्यायला गेलात की वायरीवरची छपाई वाचा. कंपनीचं नाव, आयएसआय मार्क, आयएस ६९४ हा क्रमांक आणि १.५ हे माप असलं पाहिजे. एफआर लिहिलं असेल तर ती वायर आग पुढे पसरू देत नाही. टोक सोलून बघा. तार वरून तांबडी आणि खरवडल्यावर आतून पांढरी निघाली तर ते तांबं नाही, ॲल्युमिनियमला दिलेला मुलामा आहे. ती परत करा आणि घेतलेल्या वायरीचं पक्कं बिल घ्या. एका गुंडाळीत साधारण ९० मीटर वायर येते. एका बाथरूमला एवढी लागत नाही. गटातल्या तिघी-चौघींनी मिळून लाल, काळी आणि हिरवी अशी एकेक गुंडाळी घेतली तर सुटी घेण्यापेक्षा स्वस्त पडते आणि मालही एकसारखा मिळतो.

काम मात्र परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं. आपण फक्त विचारायचं. “दादा, ही वायर कितीची? ही लाइन कुठल्या एमसीबीवर घेतली? अर्थिंग जोडलं का? मध्ये कुठे जोड आहे का?” चारच प्रश्न. चांगला वायरमन रागावत नाही, उलट दाखवून देतो. जो म्हणेल, “वहिनी, तुम्हाला नाही कळणार,” त्याला चहा द्या आणि दुसरा वायरमन बघा.

देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली आपल्या तारापूरला सुरू झालं. वीज आपल्या दाराशी तयार होते. पण ती घरात सुखरूप वागेल की नाही, हे बोर्डापासून पंख्यापर्यंतच्या दहा-पंधरा हात वायरीवर ठरतं, आणि ती निवडणं आपल्या हातात आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक काम करून या. घरातल्या आणि भाड्याच्या खोलीतल्या बोर्डाला हात न लावता नुसतं बघा आणि कुठल्या एमसीबीवर कुठला आकडा आहे ते वहीत लिहून आणा. बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलंत तरी चालेल. ज्यांच्याकडे आरसीसीबी नाही त्यांची यादी करू आणि आधी त्यांच्या घरचं काम कसं करता येईल ते गटात ठरवू.

भेटूच. नमस्कार.